चिंगीची चानकी

भांडी बोलायची त्या काळची गोष्ट. ठकूबाईच्या घरी उरल्या पिठाची शेवटची छोटी भाकरी, म्हणजे चानकी, चिंगी कुत्रीची असायची. मग हौसेने बाजारातून तिच्यासाठी तयार खाऊचा रंगीत डबा आला आणि चानकी बंद झाली. चिंगीला चार पिल्लं झाली, पण दूध येईना. पिल्लं उपाशी कण्हू लागली.

डबा म्हणाला, “माझ्यात काय नाही? अंगावरची यादी वाचा!”

परात खणखणली, “मेल्या, त्यातलं एक तरी नाव शेतात उगवतं का?”

ठकूबाईने यादीवरून बोट फिरवलं. एकही नाव ओळखीचं निघेना. तिने बाजरीचं पीठ मळलं, गरम चानकीत उकडलेलं अंडं कुस्करून चिंगीपुढे ठेवलं.

आठवड्यात दूध उतरलं आणि पिल्लं चिंगीला अशी बिलगली की तिला उठू देईनात. डबा आता बाजरी सांभाळतो. चिंगी जाता-येता त्याला हुंगते, आणि त्याला ते फार आवडतं.