बर्फाला कान लावणारं शहर

नॉर्वेच्या उत्तर टोकाला एक बंदराचं शहर आहे. तिथे आकाशात हिरवा ध्रुवप्रकाश उजळला, की लोक आधी टेकडीवर गुडघे टेकून बर्फाला कान लावतात. कॅमेरे सरसावून आलेल्या पाहुण्यांना हा खुळेपणा वाटतो. मग ओड्डवार नावाचा म्हातारा वाटाड्या त्यांना थांबवून गुनवोरची गोष्ट सांगतो.

गुनवोर म्हणे याच टेकडीच्या उतारावर झोपडीत राहायची आणि सुकवलेले कडक मासे लाकडी मोगरीने ठोकून मऊ करून विकायची. एका हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत, भर दुपारी वरून बर्फाचा कडा सुटला आणि झोपडी पार गाडली गेली. दार हलेना. धुराडं बुजलं. ती समोरच्या बेटावर गेली असेल असं सारे धरून चालले, त्यामुळे शोधायला कोणी फिरकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पावलं वाजली. ध्रुवप्रकाश बघायला अख्खं गाव टेकडीवर लोटलं होतं. गुनवोरच्या जिवात जीव आला. मोगरी उचलून ती आढ्यावर ठोकू लागली.

वर कोणीतरी म्हणालं, "गप्प बसा जरा. आकाश बोलतंय."

ध्रुवप्रकाशाला आवाज असतो, अशी तिथल्यांची जुनी श्रद्धा. ही जिवाच्या आकांताने ठोकत होती, आणि ही जितक्या जोरात ठोकी तितके वरचे अधिकच भाविक होत होते. टोप्या उतरल्या. धर्मगुरूने प्रार्थना सुरू केली. तिला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिच्या हाका मात्र बर्फातच विरत होत्या. आधी तिला रडू आलं, मग भयंकर संताप आला. हवा कोंडत चालली, हातातलं त्राण गेलं. मोगरी थांबली, तशी वर प्रार्थनाही आटोपली.

त्या गर्दीत तिची बहीण होती, आस्लाउग, जन्माची बहिरी. आकाश काय बोलतं याच्याशी तिला काय देणंघेणं? ती बर्फावर हात टेकून बसली होती आणि तळव्यांना खालून हादरे लागले होते. तिने खाणाखुणा केल्या, कोणी लक्ष देईना; तेव्हा ती नुसत्या हातांनी खणू लागली. लाजेकाजेस्तव आधी चौघे आले, मग सगळेच.

गुनवोरला बाहेर काढलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मी ठोकत होते. कुणालाच ऐकू नाही आलं?"

धर्मगुरू टोपी चुरगाळत म्हणाला, "आलं, बाई. आम्हा सगळ्यांना आलं."

त्या शरमेतून ही रीत पडली, असं सांगतात. आजही तो प्रकाश दिसला की सारं शहर बर्फाला कान लावून दहा श्वास थांबतं. खालून काहीच ऐकू आलं नाही, की मगच माना वर होतात.