ठकूबाईचं पान

हेमांगी वाघचौरेचं डोकं त्या दिवशी असं तापलं होतं, की त्यावर भाकरी भाजून निघाली असती. ऑनलाइन विश्वकोशात फुकट राबणाऱ्या तिच्या मंडळींनी ठकूबाईवर लेख लिहिला होता. दुष्काळात केळझरीच्या सरपंचांनी गावविहिरीला ठोकलेलं कुलूप या बाईने दगडाने फोडलं होतं. पण ते कुठेच छापून आलेलं नव्हतं, आणि छापील संदर्भाशिवाय तिथे लेख टिकत नाही.

त्याच सरपंचांचे चिरंजीव, प्राचार्य टोणपे, त्या लेखाच्या चर्चापानावर गरजले, "असल्या भांडकुदळ बाईला विश्वकोशात जागा? आजच पान उडवा!"

हेमांगीने दातओठ खात उत्तर लिहिलं, "सर, इथे तोंडी चालत नाही. काय ते छापून आणा."

रविवारी पेपरात प्राचार्यांचा लेख झळकला : 'माझ्या वडिलांनी लावलेलं कुलूप फोडणाऱ्या उद्धट बाईचा गौरव कशाला?'

दुपारी तोच लेख ठकूबाईच्या पानाखाली संदर्भ म्हणून लागला.

"हा काय चावटपणा?" प्राचार्य कडाडले.

"चावटपणा कसला, सर? कुलूप कोणी लावलं आणि कोणी फोडलं, हे छापून सांगणारे तुम्ही एकटेच निघालात. आता पान उडवायचं, तर आधी तुम्ही खोटं बोललात असं छापून आणा!"