न फोडलेली पेटी

एका जंगलात ओढ्याकाठी एक पाणमांजर राहत असे. मुलांनो, तिची पिल्ले तीन होती की चार, हे मला पुष्कळ वर्षे छातीठोकपणे सांगवत नसे; आठवण दगा देई. त्यातले एक फार अशक्त होते, एवढे मात्र पक्के. त्या काळी जंगलात बिळोबिळी बॅटरीवरचे दिवे आले होते. उजेड छान पडे, पण बॅटरी संपली की तिची जड काळी पेटी दाराशी नुसती पडून राही. पुढे ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगू लागले. अशक्त पिल्लाचे डोळे चिकटले, ते खाईना. ‘आणखी एक पौर्णिमा अशीच गेली, तर हे हातचे जाईल,’ पाणमांजर मनाशी म्हणाली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, काळ्या कातळावर, कोल्हा जुन्या पेट्या फोडत असे. आतले आंबट, जळजळीत पाणी तो ओढ्यात ओती आणि शिसे पाठीवर टाकून अस्वलाच्या भट्टीवर नेई. अस्वल त्याची नवी बॅटरी करी आणि कोल्ह्याला टोपलीभर बोरे देई. हे कळताच “हाकला त्याला!” असा गलका झाला. कावळा म्हणाला, “आधी पद्धत हवी. वडाखाली खड्डा खणू. ज्याने त्याने आपली पेटी तिथे आणून टाकावी.” खड्डा झाला, कावळ्याचे लांबलचक भाषण झाले. पंधरा दिवसांत त्यात दोनच पेट्या आल्या : एक कावळ्याची, एक पाणमांजरीची. सशीण म्हणाली, “अहो, एवढं धूड वडापर्यंत कोण नेणार? कोल्हा दाराशी येतो, वर मूठभर बोरं देतो!”

शेवटी पाणमांजर एकटीच कातळावर गेली. कोल्हा हसला. “या मावशी! खड्ड्यात काही पडलं, की अजून कावळ्याचं भाषणच पडून आहे?”

तिला राग आला, पण पिल्लू डोळ्यांपुढे होते. “एवढंच सांग, पेटी इथेच का फोडतोस?”

“माझी कंबर बघा! भरली पेटी भट्टीवर नेताना तीनदा बसावं लागतं. पाणी ओतलं, कवच टाकलं, की चालवतं.”

पाणमांजर चमकली. कोल्ह्याला ओढ्याशी वैर नव्हतेच. त्याला नको होते ते ओझे. “भट्टी ओढ्याच्या खालच्या अंगालाच आहे,” ती म्हणाली. “मी बांबूचा तराफा ढकलीन. तू दारोदार फिर आणि पेट्या न फोडता, न कलंडता तराफ्यावर ठेव.”

“आणि बोरं?”

“तुझीच.”

“एकही कमी नाही?”

“एकही नाही. पण फोडलेल्या पेटीला अस्वल एक बोरही देणार नाही. ते मी त्याच्याकडून कबूल करून घेते.”

अस्वल कबूल झाले. त्याने ओढ्यापासून दूर चुन्याची दगडी टाकी बांधली; पेट्यांतले आंबट पाणी तिथे चुन्याने निवू लागले, त्याची जळजळ मरू लागली. पहिल्या दिवशी कोल्ह्याने सवयीने पेट्या फोडूनच आणल्या. अस्वलाने त्या बाजूला सारल्या आणि बोरांची टोपली झाकून ठेवली. कोल्हा त्या दिवशी उपाशी निजला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पेट्या अखंड! कावळाही रिकामा बसला नाही. कोल्हा कोणत्या वाटेने कधी येणार, हे तो झाडाझाडावरून ओरडून सांगू लागला. पौर्णिमेच्या आत पाण्याचा आंबटपणा गेला, आणि एका सकाळी अशक्त पिल्लाने डोळे उघडून आईच्या तोंडातला मासा ओढला.

पिल्लांच्या संख्येची शंका मात्र माझ्या मनाला टोचत राहिली. पुष्कळ वर्षांनी मी त्या पिल्लांची ओढ्याकाठची बिळे एकेक पाहून खात्री करून घेतली : पिल्ले चारच होती. चौथ्याचे बीळ त्या काळ्या कातळाखालीच आहे.

तात्पर्य : दारोदार फिरणाऱ्याला हाकलले तर काम थांबते, त्याचे ओझे वाटून घेतले तर घाण थांबते.