ठिपकीच्या बिळावर पातेलं

ठिपकीला वाटलं होतं, तळ्याकाठी कुणी नसेल.
जांभळीचं झाड असेल. झाडाखाली बीळ असेल. बिळात ओली माती असेल. गार गार!

पण आली, तर काय?
तळ्याकाठी माणसंच माणसं. एक नाही, दोन नाही, सतरा!
आणि बीळ? बीळ दिसेना. बिळावर एक पातेलं. हे एवढं मोठं!

ठिपकी म्हणजे एक इवलीशी खेकडी. पाठीवर एक पांढरा ठिपका.
मागच्या पावसात ओढ्याने तिला वाहून नेलं. खाली. लांब. भाताच्या खाचरात.
तिथेही चिखल होता. पण तो तिचा चिखल नव्हता.
म्हणून ती परत निघाली. तुरु तुरु तिरकी, तुरु तुरु तिरकी. दगड चढली. मुळं चढली. सगळा डोंगर चढली.
आज तरी तिला घरी झोपायचं होतं.

ठिपकी पातेल्याला म्हणाली,
"पातेल्या, पातेल्या, ऊठ ना! मला घरी जायचंय."
पातेलं म्हणालं, "माझ्या पोटात सतरा जणांची खिचडी आहे. आत्या वाढेल, तेव्हा मी उठेन."

ऊन थोडं खाली उतरलं.
ठिपकी गेली आत्याकडे. तुरु तुरु तिरकी.
"आत्या, आत्या, वाढ ना!
बिळावर पातेलं.
पातेलं उठेना.
मी घरी कशी जाऊ?"
आत्या म्हणाली, "अगंबाई! पायात येशील की गं! आमच्याकडे सगळे बसल्याशिवाय वाढत नाहीत. काका बसतील, तेव्हा मी वाढेन."

ऊन थोडं खाली उतरलं.
ठिपकी गेली काकांकडे. तुरु तुरु तिरकी.
"काका, काका, बसा ना!
बिळावर पातेलं.
पातेलं उठेना.
आत्या वाढेना.
मी घरी कशी जाऊ?"
काका तंबूच्या आत अडकले होते. नुसते पाय दिसत होते.
आत्या लांबून ओरडली, "दिगू, तंबू लावतोयस की नेसतोयस?"
"तू ये मग लावायला!" काका आतून म्हणाले. मग ठिपकीला म्हणाले, "तंबू उभा राहील, तेव्हा मी बसेन."

ऊन थोडं खाली उतरलं.
ठिपकी तंबूला म्हणाली,
"तंबू, तंबू, उभा राहा ना!
बिळावर पातेलं.
पातेलं उठेना.
आत्या वाढेना.
काका बसेनात.
मी घरी कशी जाऊ?"
तंबू म्हणाला, "फस्स! माझ्यात जोरच नाही. दोरी ताठ होईल, तेव्हा मी उभा राहीन."

ठिपकी गेली दोरीकडे. तुरु तुरु तिरकी.
"दोरी, दोरी, ताठ हो ना!
बिळावर पातेलं.
पातेलं उठेना.
आत्या वाढेना.
काका बसेनात.
तंबू उभा राहीना.
मी घरी कशी जाऊ?"
दोरी गवतात लोळत म्हणाली, "खुंटी रुतेल, तेव्हा मी ताठ होईन."

ऊन आता डोंगराला टेकलं.
ठिपकी गेली खुंटीकडे. तुरु तुरु तिरकी.
"खुंटी, खुंटी, रुत ना!
बिळावर पातेलं.
पातेलं उठेना.
आत्या वाढेना.
काका बसेनात.
तंबू उभा राहीना.
दोरी ताठ होईना.
मी घरी कशी जाऊ?"
खुंटी म्हणाली, "दगडाने ठोकतील, तेव्हा मी रुतेन. पण दगड कुठाय?"
काकाही तेच म्हणत होते. "अरे, दगड कुठाय? इथेच तर होता!"
इकडे बघितलं. तिकडे बघितलं. वर बघितलं. खाली कुणीच बघितलं नाही.

ठिपकीने खाली बघितलं. ती खालीच असते ना!
जांभळीच्या मागे रेणू बसली होती. सतरा जणांमधली सगळ्यात छोटी. दगड तिच्या कुशीत. दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

ठिपकी तिच्यापाशी गेली. तुरु तुरु तिरकी.
"रेणू, रेणू, दगड सोड ना!
बिळावर पातेलं.
पातेलं उठेना.
आत्या वाढेना.
काका बसेनात.
तंबू उभा राहीना.
दोरी ताठ होईना.
खुंटी रुतेना.
मी घरी कशी जाऊ?"

रेणू म्हणाली, "नाही सोडणार. हा माझा मित्र आहे."
"दगड?"
"हो. इथे सगळे मोठे मोठे. ते वर बोलतात, वर हसतात. मी खाली असते. मी कुणाला दिसतच नाही."
ठिपकी म्हणाली, "मला दिसतेस की!"
रेणूने डोळे मोठे केले.
"खरंच? मग माझ्या हातावर येशील?"
"येईन. मी ठिपकी."
रेणूने दोन्ही हात पुढे केले. ओंजळ केली.
आणि दगड?
दगड सुटला. धप्प!

काका म्हणाले, "सापडला, सापडला!"
दगडाने ठोकलं. ठक ठक ठक!
खुंटी रुतली. खच्च!
दोरी ताठ झाली. टण्ण!
तंबू उभा राहिला. फडफड!
काका बसले. हुश्श!
आत्याने वाढायला घेतलं. चला चला चला!
पातेलं उठलं. खण्ण!
आणि पातेल्याखाली?
बीळ!

रेणूने ओंजळ खाली टेकवली. ठिपकी उतरली. तुरु तुरु... थांबली. मागे बघितलं.
रेणू म्हणाली, "जा. तुझं घर आहे ना!"
ठिपकी आत गेली.
ओली माती. गार गार!
वर सतरा जण जेवत होते. बोटं चाटत होते. एकमेकांना चिडवत होते. मधूनच एक छोटा आवाज यायचा. "काका, मी एक खेकडी बघितली!"
"कुठे गं?"
"खाली!"
मग सगळे खाली बघायचे.
ऐकता ऐकता ठिपकी झोपली.

सकाळ झाली.
तंबूची घडी झाली. पातेलं टेम्पोत चढलं. आत्या चढली. काका चढले. सगळे चढले.
"ठिपके!" कुणीतरी हाक मारली.
ठिपकी तुरु तुरु वर आली. टेम्पोच्या मागच्या बाजूला रेणू. तिचा हात हलत होता.
"पुढच्या उन्हाळ्यात येईन हं!"
घर्रर्र. टेम्पो निघाला. वळणावर लहान झाला. अजून लहान झाला. दिसेनासा झाला.

आता तळ्याकाठी कुणी नव्हतं.
जांभळीचं झाड होतं. झाडाखाली बीळ होतं. बिळात ओली माती होती.
अगदी ठिपकीला वाटलं होतं तसंच.
ठिपकी दारात बसली. वळणाकडे बघायचं होतं. पण दार तर तळ्याकडे!
ती बसली. बसली. बसली.
मग तिने ठरवलं.
बिळाला अजून एक दार करायचं. रस्त्याकडचं.
आणि ती लागली उकरायला.
खर्र खर्र, खर्र खर्र.