भैरोबाची पालखी पायरीवर थांबली

त्या उन्हाळ्यात धोंडनाथ महाराजांचा मुक्काम तांबडदरा गावी होता. भैरोबाच्या देवळाची ओसरी, अंगाखाली एक घोंगडी आणि जवळ मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर महाराज आनंदात असत. तिथे रोज गोंदाजी सुतार येऊन बसे. मागायला काही नव्हे. घरी बसवत नसे म्हणून. त्याची बायको मुक्ता आदल्या वर्षी नारूने गेली. पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर आला, ओढताना आत तुटला, पाय सडला आणि तापात ती गेली. घरात तांबे दोन होते. एक आता पालथाच असे.

नारू गावात घरोघरी होता. लोक म्हणत, भैरोबाचा कोप आहे.

एके दिवशी गोंदाजीने महाराजांना प्यायला पाणी आणले. महाराजांनी वाटी उन्हात धरली, डोळे बारीक करून पाहिले आणि हसले. "गोंदाजी, तुझे पाहुणे फार उड्या मारतात रे!"

त्यांनी आपल्या उपरण्याची चौपदरी घडी केली आणि त्यातून पाणी गाळले. कापडावर बारीक बारीक ठिपके राहिले. ते वळवळत होते.

"पाणी कुठलं हे?"

"बारवेचं, महाराज. गावाला दुसरं पाणी नाही."

"आणि बारवेत उतरता?"

"पायऱ्या आहेत म्हटल्यावर उतरणारच की. गुडघाभर पाण्यात जायचं, पाय धुवायचे, घागर बुडवायची. नारूवाल्याला तर तिथंच बरं वाटतं. पाय पाण्यात सोडला की आग थांबते. मुक्ताला मी रोज पाठीवर घेऊन न्यायचो."

महाराजांनी हातातले शेंगदाणे खाली ठेवले. "म्हणजे पायातला नारू पाण्यात, पाणी घागरीत, घागरीतलं पोटात आणि पोटातनं पुन्हा पायात. यात भैरोबाला कशाला ओढता रे?"

गोंदाजीला रडू फुटले. आपण काय करत होतो ते त्याला कळले. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू मायेनं केलंस. आता त्याच मायेनं बारवेवर रहाट बसव. पाय वर राहू देत, पाणी वर येऊ दे. आणि गाळून प्या."

गोंदाजी कामाला लागला. बाभळीचे खोड तासले, चाक जुळवले, बारवेच्या काठावर दोन खांब रोवले. पायऱ्यांच्या तोंडाशी काट्या लावल्या. बऱ्याच दिवसांनी तो काम करताना गुणगुणत होता. विचारेल त्याला तो महाराजांचे बोलणे सांगे, की नारूचा पाय पाण्यात गेला म्हणजे पाण्यावाटे नारू सगळ्यांना होतो.

गावाला मात्र आयतीच करमणूक झाली. त्यात पुढे हैबतराव पाटील. "गोंदाजी, उद्या गंगेलाही गाळणी लावशील का रे?" लोक हसले. पाटलांना आणखी जोर चढला. "बायकोबरोबर याची अक्कलही गेली!"

त्यावर मात्र कोणी हसले नाही. गोंदाजी खाली मान घालून खांब ठोकत राहिला.

खरा पेच जत्रेचा होता. जत्रेला भैरोबाची पालखी बारवेत उतरायची. भोई गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, देवाला स्नान व्हायचे आणि मग सगळा गाव पाण्यात शिरून ओंजळीने तेच तीर्थ प्यायचा. पालखीचा पहिला खांदा पाटलांचा. तो मान पिढीजात होता. मात्र अंगात दुखणे असलेल्याने खांदा द्यायचा नाही, असा दंडक.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाटलांनी काट्या उपटून फेकल्या. "देवाची वाट अडवतोस? उद्या देव पाण्यात उतरला, की तुझ्या रहाटाचं सरपण. आणि तू या गावात राहायचं नाही!"

गोंदाजी धावत ओसरीवर आला. "महाराज, मीच काढून टाकतो रहाट. हे घर सुटलं तर मी जाऊ कुठं? मुक्ता तिथंच नांदली."

"रहाट तुझा की भैरोबाचा?"

"भैरोबाचा."

"मग भैरोबा बघेल. तू घागरी भरून ठेव."

दुसऱ्या दिवशी सनई-ताशा वाजत पालखी बारवेशी आली. गोंदाजी भरलेल्या घागरींजवळ उभा होता. पाटील पुढे, मागे तीन गडी, पालखी पायऱ्या उतरू लागली. शेवटची कोरडी पायरी आली, पाटलांनी पाय उचलला, आणि पालखी जागीच थांबली!

"पाटील, चला की!"

"चला काय! मागून कोण लोंबकळतंय?"

"आम्ही कुठं? तुम्हीच खांदा चोरताय!"

"मी? मी चोरतोय?" पाटील लाल झाले. आणखी चार गडी लागले. पागोटी सुटली, दांडा करकरला, पण पालखी पुढे सरकेना. तासाभरापूर्वी जी पोरांनी खेळत आणली असती, ती आता डोंगर झाली होती! ताशेवाला वाजवायचा थांबला.

तेव्हा धोंडनाथ महाराज पायऱ्या उतरून आले. ते पाटलांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "हैबतराव, डाव्या पायाला फार आग होतेय का हो?"

हे फक्त पाटलांनी ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. धोतराखालच्या पोटरीवर त्यांनी फडके आवळून बांधले होते, ते घरच्या माणसांनाही ठाऊक नव्हते. मान जाईल म्हणून पाटलांनी नारू लपवला होता.

सांगायचे की नाही, ते महाराजांनी पाटलांवरच सोडले.

पाटलांनी खांदा काढला, पायरीवर बसले आणि सगळ्या गावासमोर फडके सोडले. "नारू आहे. हाच पाय मी तुमच्या पिण्याच्या पाण्यात घालणार होतो."

भोयांनी पालखी कोरड्या पायरीवर टेकवली.

"गोंदाजी," महाराज म्हणाले, "देव खोळंबलाय. आण पाणी."

गोंदाजीने रहाटाने ओढलेल्या पाण्याची घागर आणली, पाणी गाळून घेतले आणि कोरड्या पायरीवरच देवाला स्नान घातले. भोयांनी पुन्हा दांडा धरला, आणि काय सांगावे! पालखी इतकी हलकी उठली की मागचे दोघे तोल जाऊन पायरीवर बसले. सगळी बारव हसण्याने भरून गेली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" पाण्यात कोणीच उतरले नाही. सांगावेही लागले नाही.

पाटील लंगडत महाराजांच्या पायाशी आले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी फक्त शेंगदाणे खाल्ले. पाणी कोणी ओढलं?"

पाटील वळले आणि सुतारापुढे वाकले. "गोंदाजी, परवा तुझ्या घरधनिणीवरनं बोललो. माझी जीभ झडो."

गोंदाजीने त्यांना खांद्याला धरून उठवले. "असं बोलू नका, पाटील. आधी वर चला, इथून लांब बसा. पाय धुऊन देतो. ओढू मात्र नका हं, तो तुटतो. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा."

बारवेपासून दूर, लिंबाच्या सावलीत त्याने पाटलांचा पाय मांडीवर घेतला आणि गाळलेले पाणी हळूहळू ओतले. पाटलांनी दोन्ही हात जोडले आणि गोंदाजीच्या गुडघ्यावर कपाळ टेकले. महाराज ओसरीकडे निघाले होते. जाता जाता म्हणाले, "भैरोबा प्रसन्न आहे रे बाबांनो. आता मलाही वाटीभर आणा. आज पाहुणे नसतील!"