झटकून टाकायची खूण

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंशी भांडायला गेला. गुरूंकडे लोक शंका घेऊन जातात, आशीर्वाद मागायला जातात. हा मात्र सरळ भांडायलाच गेला, आणि तोही चपला न काढता अंगणात शिरला.

गुरू वृद्ध होते. तालुक्याच्या गावातल्या तंत्रनिकेतनात संगणक शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली होती. निवृत्तीनंतर ते तिथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचे विश्वस्त झाले होते आणि शाळेच्या एकुलत्या एका संगणकाची देखभाल त्यांच्याकडेच होती. शिष्य स्वतः पन्नाशीला टेकला होता. पण गुरूंपुढे उभा राहिला की त्याचे वय पुन्हा विद्यार्थ्याचे होई. गुरुजी त्या वेळी सुपात पावटे सोलत बसले होते.

“सर, शाळेच्या संगणकातून प्लगइन तुम्ही काढून टाकलंत?”

“हो.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.” गुरुजींनी एक शेंग उकलली. “चपला काढ आणि बस.”

शिष्याने चपला काढल्या, पण तो बसला नाही. त्याचा राग वरवरचा नव्हता, आणि तो कळायला थोडे मागे जायला हवे.

त्याची थोरली बहीण शरयू जन्मतः बहिरी होती. तिच्या कडेवर वाढलेला हा मुलगा बोलायला शिकण्याआधी खुणा करायला शिकला. पुढे संगणक शिकून मोठा झाल्यावर त्याने कर्णबधिर मुलांसाठी धडे तयार केले. पडद्यावर दोन हात दिसत. ते हात एखाद्या शब्दाची खूण करीत आणि मग थांबत. मुलाने समोरच्या चित्रांतून बरोबर चित्र निवडले की हात उंच होऊन आनंदाने हलत. चुकले तर न कंटाळता तीच खूण पुन्हा करून दाखवीत. एकेक खूण त्याने शरयूला समोर बसवून रेखाटली होती. लहानपणी मोडून वाकडी बसलेली तिची करंगळीसुद्धा त्याने तशीच काढली. मुले त्या हातांना ‘वाकड्या बोटाची ताई’ म्हणत. म्हणत म्हणजे काय, स्वतःची करंगळी वाकवून दाखवीत.

नंतर शरयू वारली. मूळ रेखाटने ज्या डिस्कमध्ये होती ती डिस्कही खराब झाली. उरले ते तयार धडे. आणि धड्यांत उरले तिचे हात.

आता अडचण अशी, की हे धडे ब्राउझरमध्ये, म्हणजे आपण ज्या प्रोग्रॅममधून इंटरनेट पाहतो त्यात, आपले आपण चालत नसत. त्यांना एक छोटा जोडप्रोग्रॅम लागे. त्यालाच प्लगइन म्हणतात. तो बनवणाऱ्या कंपनीने कालांतराने त्याच्याकडे पाठ फिरवली. निगा राखणारे कोणी उरले नाही, की घर असो वा प्रोग्रॅम, त्याला भगदाडे पडतातच. त्या भगदाडांतून चोर लोकांच्या संगणकांत शिरू लागले, तेव्हा ब्राउझरवाल्यांनी प्लगइन रोखायला सुरुवात केली. मूल धडा उघडायला जाई आणि हातांच्या जागी लाल पाटी येई: ‘हे प्लगइन असुरक्षित आहे. ते रोखले आहे.’

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. पण तो हुशार, आणि हुशार माणसाला पळवाट लवकर सापडते. पाटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘धोका पत्करून पुढे जा’. ती दाबली की धडा चालू होई. मग त्याने गावोगावच्या शाळा पालथ्या घालून शिक्षकांना ती ओळ दाखवून दिली. ब्राउझरने ती आणखी आत दडवली, तर याने तिथवर जाण्याचा रस्ता दाखवला.

मुलांचे काय करायचे हा प्रश्न मात्र राहिला. लाल रंग दिसला की ती बिचकत आणि उठून जात. तेव्हा खुणांच्या भाषेत जन्म काढलेल्या या माणसाने, दुसऱ्या कोणाला सुचलीच नसती अशी एक गोष्ट केली. त्याने एक नवी खूण बनवली. बाहीवरची धूळ झटकावी तसा एक हात दुसऱ्या बाहीवरून फिरवायचा आणि हसायचे. अर्थ असा, की लाल दिसले ना? झटकून टाक, पुढे जा, काही होत नाही. मुलांना ती खूण फार आवडली. एका शाळेतून ती दुसऱ्या शाळेत गेली, आणि शिष्याला याचा अभिमान वाटे.

“अहो, शाळेच्या संगणकात चोरण्यासारखं आहे तरी काय?” तो गुरुजींना म्हणाला. “आणि गेलंच काही चोरीला, तर जाऊ दे की! तिचे हात आहेत त्यात, सर. दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे.”

गुरुजींचे हात सुपात थांबले.

“उद्या मधल्या सुट्टीआधी शाळेत ये,” ते म्हणाले. “येताना लाल पुठ्ठा आण. मोठा आण.”

“कशाला?”

“आण तर.”

शिष्य धुसफुसत गेला. म्हाताऱ्याला चळ लागला, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण दुसऱ्या दिवशी तो लाल पुठ्ठा घेऊन हजर झाला, कारण जुन्या विद्यार्थ्याचे पाय मनापेक्षा आज्ञाधारक असतात.

गुरुजींनी पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरे काढली: ‘पाणी खराब आहे. पिऊ नका.’ वाचता न येणाऱ्यांसाठी खाली पेला काढून त्यावर फुली मारली. मग तो पुठ्ठा त्यांनी शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर टांगला आणि व्हरांड्यात येऊन बसले.

“खराब आहे पाणी?” शिष्याने विचारले.

“चांगलं आहे. आत्ताच पेलाभर पिऊन आलो मी.”

“मग हा काय प्रकार?”

“बघत राहा.”

त्या शाळेत घंटा नाही. वर्गावर्गात दिवा लुकलुकतो. मधल्या सुट्टीचा दिवा लागला आणि मुले नळाकडे धावली. सर्वांत पुढे कृत्तिका होती. शिष्याच्या धड्यांत सर्वांत हुशार ती, वाचनातही पुढे. ती पाटीसमोर थांबली. तिने अक्षरे वाचली, फुली पाहिली. शिष्याला हायसे वाटले. एवढ्यात ती मागच्या मुलांकडे वळली, तिने बाहीवरून हात झटकला, हसली, आणि नळ उघडून ओंजळीने पाणी पिऊ लागली.

तिच्या मागून सारी रांग प्याली. काहींनी पाटीकडे पाहिले आणि बाही झटकली. सगळ्यांत धाकटा एक मुलगा होता. त्याने पाटीकडे पाहिलेच नाही, पाणी पिण्याआधी असे करायचे असते अशा समजुतीने त्याने नुसतीच बाही झटकली.

“अगं, थांब! थांबा!” शिष्य उठून ओरडला. पाणी चांगले आहे हे ठाऊक असूनही ओरडला. मुलांची पाठ त्याच्याकडे होती. एकानेही मागे वळून पाहिले नाही.

तो तसाच उभा राहिला. बहिऱ्या बहिणीच्या कडेवर वाढलेला माणूस, आपण कोणाला हाका मारतो आहोत हेच क्षणभर विसरला होता. मुले पाणी पिऊन, तोंडे पुसून खेळायला पांगली.

गुरुजी हळू आवाजात बोलले.

“परवा शाळेमागच्या विजेच्या डीपीपाशी हीच पोरगी उभी होती. पेटीला लाल पाटी आहे, कवटीचं चित्र आहे. तिने बाही झटकली आणि जाळीत हात घालायला निघाली. तिचा चेंडू आत गेला होता. मी जवळ होतो म्हणून दंड धरून ओढता आलं. लांब असतो तर मीही तुझ्यासारखाच ओरडलो असतो. तू विचारलंस ना, शाळेत चोरण्यासारखं काय आहे? आपल्यासारख्याला मागून कोणी हाक मारतं, गाडी हॉर्न वाजवते, आई ओरडते. या लेकरांना जग सावध करतं ते फक्त डोळ्यांतून. तेवढी एकच राखण त्यांच्यापाशी होती. ती तू काढून घेतलीस. प्रेमापोटी घेतलीस हे मला ठाऊक आहे, पण घेतलीस.”

शिष्य खाली बसला.

“धडे नव्या पद्धतीने पुन्हा बनवता येतील,” गुरुजी म्हणाले. “आता प्लगइन लागत नाही.”

“कोणाचे हात बघून काढू, सर? पडद्यावरून गिरवले तर ती नकलेची नक्कल होईल.”

गुरुजी उठले, नळावरचा पुठ्ठा काढून घेऊन आले आणि पुन्हा बसले.

“एखादा जुना संगणक नेटपासून तोडून शाळेत ठेवला तर?” शिष्याने चाचपडत विचारले. बुडत्याला काडीचा आधार.

“दुसरा संगणक कुठल्या शाळेकडे आहे? आहे त्या एकावर हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं. त्याला नेट हवंच. तुझ्या घरी ठेव असा एक. तुला बघता येतील.”

“मी बघून काय करू? ते हात खूण करतात आणि थांबतात, सर. समोर मूल नसलं तर ते नुसतेच थांबून राहतील.” आणि मग तो रडला. बहीण गेली तेव्हा घरच्यांना सावरण्याच्या गडबडीत राहून गेलेले रडणे त्या व्हरांड्यात बाहेर पडले. गुरुजी त्याच्या शेजारी बसून राहिले.

सुट्टी संपल्यावर शिष्य वर्गात गेला. त्याने संगणक लावला आणि मुलांच्या देखत धडा उघडला. प्लगइन नव्हतेच, पडद्यावर एक करडी, रिकामी चौकट आली. मुले वाट पाहू लागली. मग कृत्तिका पुढे आली. चौकटीसमोर उभी राहून तिने बाही झटकली. काही झाले नाही. तिने पुन्हा झटकली. आपणच नीट करत नाही असे वाटून ती जोरजोराने झटकू लागली, आणि प्रत्येक वेळी पडद्याकडे आशेने पाहू लागली.

शिष्याने तिचा हात धरला. तो धरून ठेवणे त्याला आयुष्यात सर्वांत जड गेले. मग त्याने सर्व मुलांकडे तोंड केले, तळहात उभा धरला आणि खूण केली: थांबा. लाल दिसले की थांबा. वाचा. मोठ्या माणसाला विचारा. झटकायची ती खूण चुकीची होती. मी चुकीची शिकवली.

मुलांनी त्याच्याकडे पाहिले. कृत्तिकेने आपला हात सोडवून घेतला, करंगळी वाकवली आणि भुवया उंचावून विचारले: मग ताई कुठे?

ती खरी बाई होती हे त्याने मुलांना कधी सांगितले नव्हते. आता सांगावे लागले. ती माझी बहीण होती. ती वारली. एवढ्या थोड्या खुणा करायला त्याला फार वेळ लागला. धाकट्या मुलाने विचारले, आज वारली? शिष्य ‘नाही’ म्हणणार होता. पण या मुलांच्या दृष्टीने ते खरे नव्हते, हे त्याला उमगले. त्याने ‘हो’ अशी मान हलवली.

त्यानंतर तो पुन्हा शाळाशाळांतून हिंडू लागला, आपणच शिकवलेले पुसून काढण्यासाठी. शिकवायला एक दुपार पुरली होती. पुसायला वर्षे लागत आहेत. एका शाळेत मुले थांबायला शिकतात, तोवर दुसरीकडे कोणीतरी बाही झटकल्याचे कानावर येते. नवे धडे अजून झालेले नाहीत. होतील असेही तो आता म्हणत नाही.

पडद्यावर धोक्याची पाटी आली की आपले बोट न वाचताच कुठे जाते, ते घरातली मुले पाहत असतात.