समोरची बाजू

कोळेवाडीच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष रंगराव यांचा एक बाणा होता. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते निकाल देत नसत. सख्खा भाऊ तक्रार घेऊन आला, तरी "आधी समोरच्याला हजर कर," म्हणून त्याला परत पाठवायचे.

हेच रंगराव एका सकाळी घरात गरजले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही. सूनबाईनं माहेरी जावं. सुरेंद्रला दुसरी बघतो!"

सुरेंद्र खाली मान घालून चहा ढवळत राहिला.

समितीची माणसं ओसरीवरच बसली होती. रेवतीनं पदर सारखा केला आणि ती थेट तिथं जाऊन उभी राहिली. "आबा, हा तंटा समितीपुढं चालू द्या."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? "बोल," रंगराव मिशी पिळत म्हणाले.

"माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष काही निघाला नाही. समोरच्या बाजूला डॉक्टरांनी कितीदा बोलावलं, पण ती एकदाही हजर झाली नाही. आबा, जो हजरच होत नाही, त्याच्या बाजूनं तुम्ही कधी निकाल दिलाय का?"

ओसरीवर हशा पिकला. सुरेंद्रचा चहा सांडला. रंगरावांनी घसा खाकरला आणि मुलाला फर्मावलं, "ऊठ, गाडी काढ!"

तपासणीत सुरेंद्रच्या अंडकोशाच्या नसा फुगलेल्या निघाल्या. छोटं ऑपरेशन झालं, तंबाखूही सुटली.

यथावकाश बारशाला रंगराव नातीला घेऊन मिरवत होते. कुणीतरी डिवचलं, "काय अध्यक्ष, त्या तंट्याचा निकाल कसा लागला?"

पाळण्याची दोरी हातात धरून रेवतीच म्हणाली, "दोन्ही बाजूंच्या संमतीनं!"